पहिलं दाखवायचं घर

"हे घेतो मी," असं धम्मपाल म्हणाला, आणि वैदेहीला जिना संपल्यावरही एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकल्यावर होतं तसं झालं. कारण हे घर घेण्यासाठी नव्हतंच. हे पहिलं होतं. दुसरं अजून बघायचं होतं, आणि तिसरं, जे खरं त्याच्यासाठी निवडलं होतं, त्याची किल्ली तिच्या पर्समध्ये होती. पहिल्या घरात लोक "हं" म्हणतात. काही जण खिडकी उघडून बघतात आणि लगेच लावून घेतात, काही जण नळ सोडून बघतात, नवराबायको असतील तर एकमेकांकडे चोरून बघतात. पण "घेतो" म्हणत नाहीत. वैदेही या घरात माणसं आणायला लागली त्याला दोन वर्षं होत आली होती आणि हा शब्द या भिंतींमध्ये तिने कधी ऐकला नव्हता. तिने ऐकू न आल्यासारखं केलं, पर्स उघडली, बंद केली, आणि म्हणाली की अजून दोन घरं आहेत, सावकाश ठरवू. तो म्हणाला की बघूया की, पण आपल्याला हे आवडलं. मग तो एकदा जोरात शिंकला आणि पुन्हा म्हणाला, आवडलं.

तिच्या ऑफिसची पद्धतच तशी होती. दादरला रानडे रोडच्या आत, एका जिन्याच्या पोटात बसवलेलं ते ऑफिस. बाहेर पाटी इंग्रजीत, आत माणसं अस्सल मराठी. भाड्याचं घर हवं असलेला माणूस पहिल्यांदा मोबाइलवर शोधतो. तिथे घरं खंडीभर दिसतात, फोटोत प्रत्येक घरात ऊन असतं, आणि फोन केला की ते नेमकं कालच गेलेलं असतं. असं महिनाभर झालं की तो वैदेहीच्या खुर्चीसमोर येऊन बसतो, थकलेला आणि थोडा चिडलेला. मग ती विचारायला लागते. कामाला कुठे जाता, परत कधी येता, पाहुणे येतात का, स्वयंपाक कोण करतं, कपडे कुठे वाळवता, कशाने झोप मोडते. लोकांना वाटतं हॉल-किचन आणि भाडं एवढंच सांगायचं असतं, पण दहा मिनिटांत ते सासूबद्दल बोलायला लागतात. वैदेहीला हे फार आवडायचं. आपल्याला काय हवंय हे माणसाला माहीत नसतं, ते दुसऱ्याने विचारल्यावर त्याच्याच तोंडून त्याला कळतं, आणि तेव्हा चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासाठी ती पगार नसता तरी काम करायला तयार होती, असं ती नवऱ्याला म्हणायची. सौमित्र म्हणायचा की हे तुझ्या मालकाला सांगू नकोस.

मालक म्हणजे अवधूत. वयाने तिच्याहून लहान, पण सिद्धांत मोठे. माणसाला घर आवडत नसतं, त्याला फक्त आधीच्या घरापेक्षा बरं वाटतं, हा त्यातला मुख्य. म्हणून दाखवायची तीनच. पहिल्या घराने माणूस जमिनीवर येतो, दुसऱ्याने हवेत जातो, तिसऱ्यात राहायला जातो. दुसरं घर सोपं असतं, झकास आणि न परवडणारी घरं या शहरात पाहिजे तेवढी. तिसरं शोधणं हे खरं काम. पण सगळ्यात अवघड पहिलं, असं वैदेहीचं मत झालं होतं. ते वाईट पाहिजे, पण माणसाचा अपमान होईल इतकं नको. बघून आल्यावर त्याला राग यायला नको, हायसं वाटायला हवं.

आणि त्या बाबतीत व्हायोलेट आंटींच्या घराला तोड नव्हती. लालबागची जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार उघडलं की थेट स्वयंपाकघर, त्यातून हॉल, हॉलमधून आतली खोली, आणि न्हाणीघर गॅलरीच्या टोकाला, म्हणजे पाहुणे बसलेले असताना टॉवेल खांद्यावर टाकून सगळ्यांची परेड ओलांडून जायचं. खाली मसाला कांडपाचं दुकान. होळी जवळ आली की मागच्या अंगणात मिरच्या वाळत पडतात, मशीन धडधडायला लागतं, आणि पावसाळ्यापर्यंत सगळी इमारत शिंकते. हे कमी म्हणून की काय, मालकीणबाई स्वतःच. इतर मालक घरातली ओल कपाटामागे लपवतात. व्हायोलेट आंटी कपाट सरकवून ओल दाखवायच्या. आधी बसवायच्या, लिंबाचं सरबत आणि नारळ-रव्याचा केक पुढे करायच्या, आणि मग गोड आवाजात घरातली एकेक वाईट गोष्ट सांगायला सुरुवात करायच्या. पाणी पहाटेच येतं. पंखा तीनवर टाकला की रडतो. गणपतीत दर्शनाची रांग इमारतीच्या दारावरून जाते, दूध आणायला गेलात तर लोक समजतात मध्ये घुसताय. पार्टी सरबत संपवायची, आभार मानायची आणि जिना उतरताना वैदेहीला म्हणायची, बिचाऱ्या किती साध्या आहेत हो. वैदेहीलाही तेच वाटायचं. साध्या. धंदा न कळणाऱ्या.

घर ऑफिसकडे आणलं होतं ते त्यांच्या मुलाने, टेरेन्सने. तो ठाण्याला राहतो, नोकरी चांगली, बायको चांगली, विसाव्या की बाविसाव्या मजल्यावर आईसाठी वेगळी खोली करून ठेवलेली. वडील, कॉनरॅड अंकल, परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झाले आणि काही वर्षांनी गेले, तेव्हापासून आई एकटी. मग एकदा आंटी जिन्यात घसरल्या. लागलं फारसं नाही, पण टेरेन्सची झोप उडाली. आईला ठाण्याला न्यायचं आणि हे घर भाड्याने द्यायचं, असं त्याने ठरवलं. दर महिन्याला तो फोन करून विचारायचा की काही झालं का, आणि वैदेही खरंच सांगायची की माणसं येतात, पण जमत नाही. त्यात खोटं काही नव्हतं. माणसं तर भरपूर यायची. आठवड्यातून एकदा तरी ती कुणाला तरी घेऊन तो जिना चढायची आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला केकचा वास यायला लागायचा, आणि तिला बरं वाटायचं. हे बरं वाटणं कशाचं, याचा तिने कधी विचार केला नव्हता.

आजचा धम्मपाल परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचं काम करतो. मूळचा नागपूरकडचा, तिशी ओलांडलेला, एकटा. त्याला चालत जाण्याच्या अंतरावर घर हवं होतं. आंटी दोष सांगत असताना तो इतर लोकांसारखा घड्याळाकडे बघत नव्हता. पुढे वाकून ऐकत होता. ओल दाखवल्यावर त्याने ती नीट बघितली आणि विचारलं की ही वरून येते की बाजूने. पंखा रडतो म्हटल्यावर उठून तीनवर लावून ऐकला आणि म्हणाला, रडत नाही, गुणगुणतो. तेव्हाच वैदेहीने सावध व्हायला हवं होतं. पण ती केक खात होती.

"वैदेही, जरा आत ये गो," आंटी म्हणाल्या. आत म्हणजे खरं तर बाहेर, म्हणजे दाराजवळच्या स्वयंपाकघरात. धम्मपाल हॉलमधून गॅलरीत गेला होता. आंटींनी ट्रे ओट्यावर ठेवला आणि ओट्याला धरूनच उभ्या राहिल्या.

"हा खरंच घेणार?"

"तसं म्हणतोय तो."

"मग आता काय करायचं आपण?"

वैदेहीने त्यांच्याकडे बघितलं. तो चेहरा साधा नव्हता. दोन वर्षं ती या बाईला ओळखत होती आणि आत्ता पहिल्यांदा बघत होती असं तिला वाटलं. घर भाड्याने जाणार म्हणून आनंद झालेली मालकीण तिने रोज बघितली होती. ही घाबरलेली होती. आणि त्या "आपण"मध्ये तिला कधी धरलं गेलं होतं ते तिला आठवेना.

आंटी हळू आवाजात बोलायला लागल्या. टेरेन्स चांगला मुलगा आहे, त्याला नाही म्हणवत नाही. मग मी म्हटलं, दे बाबा भाड्याने, गेलं की येते. तू माणसं आणतेस, मी त्यांना सगळं सांगते, ती पळून जातात. टेरेन्सला मी म्हणते, बघ, एवढे लोक येतात, कुणाला पसंत नाही पडत तर मी काय करू? "किती छान चाललं होतं गो आपलं," त्या म्हणाल्या.

"आंटी, म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मी तुमचं घर…"

"पहिलं दाखवतेस ते? मग. तुझ्या माणसांच्या तोंडावर दिसतं ना, अजून पुष्कळ बघायचंय म्हणून. मी म्हटलं बरं आहे. तिचं काम होतं, माझंही होतं."

वैदेहीला आधी लाज वाटली आणि लगेच हसू आलं, आणि हसू मोठं निघालं. आंटीही हसल्या, पदर नव्हता म्हणून ॲप्रन तोंडाला लावून. दोन बायका एकमेकींना फसवतोय असं समजून इतके दिवस एकमेकींचं काम करत होत्या. मग आंटींचं हसणं मध्येच थांबलं. ठाण्याची खोली चांगली आहे, त्या म्हणाल्या, पण तिथे खालून आवाजच येत नाही. माणूस आहे की नाही तेच कळत नाही. मिरचीचं मशीन बंद झालं की मला दुपार झाल्याचं कळतं. तिकडे मला कोण सांगणार?

हा सौदा मोडणं वैदेहीच्या हातात होतं. जमवण्यापेक्षा मोडणं नेहमीच सोपं असतं. मालकांचं मन बदललं म्हणायचं. सोसायटी परवानगी देत नाही म्हणायचं. एक वाक्य पुरतं, समोरचा हळहळतो आणि पुढच्या घराकडे निघतो, आणि त्याच्यासाठी निवडलेलं तिसरं घर तर तयारच होतं, परळच्या टॉवरमध्ये, स्वच्छ, उजेडाचं, हॉस्पिटलपासून चार पावलांवर. कुणाचं नुकसान नाही. असं मनाशी म्हणत ती हॉल ओलांडून गॅलरीकडे निघाली, आणि त्या तेवढ्या अंतरात तिला राधाबाई आठवल्या. का आठवल्या ते कळेना. गिरगावात, वैदेहीच्या माहेरच्या मागच्या चाळीत राहायच्या, लग्नं जमवायच्या. वैदेही चोविसाची असताना त्यांनी तिला किती जणांना दाखवली होती याला गणती नव्हती. दर पंधरा दिवसांनी कुणीतरी यायचं, आई पोहे करायची, वडील नवा शर्ट घालायचे, आणि आलेली मंडळी छान गप्पा मारून जायची ती परत यायची नाहीत. राधाबाई म्हणायच्या, योग नाही. पण स्थळं आणायचं थांबवायच्या नाहीत, आणि वैदेहीला याचं फार कौतुक वाटायचं, की एवढा नकार घेऊनही बाई आपल्यासाठी धडपडतेय. मंडळी नेहमी सकाळी लवकर यायची. निघताना राधाबाईंना विचारायची, आता पुढे कुठे? गॅलरीच्या उंबऱ्यावर वैदेही उभी राहिली. अरे देवा, आपण पहिलं घर होतो. राधाबाईंचं पहिलं दाखवायचं घर. उंचीने कमी, चष्मा, फटकळ, पण अपमान वाटणार नाही इतपत बरी. इतक्या वर्षांनी हे आज कळावं याची तिला गंमत वाटली, आणि गमतीच्या खाली एक जुनी चुटपुट होती तीही वर आली, कारण त्या प्रत्येक सकाळी तिने केस धुतले होते. पुढे सौमित्र भेटला तो राधाबाईंच्या वाटेने न येता विमा कंपनीच्या कँटीनमध्ये, तेव्हा तसं काही बिघडलं नाही. पण केस धुतले होते ते धुतलेच होते. आणि आंटी दर वेळी सकाळी उठून केक करतात, तो पार्टी पळून जावी म्हणूनच करतात का फक्त? एवढा चांगला?

धम्मपाल कठड्याला टेकून खाली बघत होता. अंगणभर मिरच्या पसरल्या होत्या, एक बाई फडकं नाकाला बांधून त्या उलट्यासुलट्या करत होती. वैदेहीचे डोळे चुरचुरायला लागले. तिने वाक्य तयार ठेवलं होतं. ती म्हणाली की चला, पुढचं बघून घेऊ, तिथे लिफ्ट आहे आणि हवा चांगली आहे. तो लगेच हलला नाही.

"मॅडम, तुमच्याकडे यायच्या आधी मी महिनाभर घरं बघितली," तो म्हणाला. "सगळीकडे आधी मलाच बघतात. पूर्ण नाव काय, गाव कुठलं, घरात काय शिजवणार. घरात काय कमी आहे ते कुणी सांगत नाही, माझ्यात काय कमी आहे ते शोधतात. या आंटी मघापासून आपल्या घरात काय काय वाईट आहे तेच सांगतायत. मला विचारलं काय, तर मिरची सोसते का."

तो हे रागाने बोलला नाही. थोडं हसूनच बोलला, एखादी मजेची गोष्ट सांगावी तसं. पण वैदेहीला परळच्या टॉवरमधल्या घराचे मालक आठवले. काल फोनवर त्यांनी विचारलं होतं, आडनाव काय म्हणालात? आणि तिने आवाज तुटतोय म्हणून फोन ठेवला होता. हीपण एक पद्धतच होती. आडनाव आधी सांगायचं नाही, माणूस समोर नेऊन उभा करायचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, मग मालकाला तोंडावर नाही म्हणणं जड जातं. ती पद्धत आपण चांगल्यासाठी वापरतो असं ती समजत आली होती, आणि तसं होतंही. फक्त त्या वेळी समोर उभ्या केलेल्या माणसाला काय वाटतं, हे तिच्या प्रश्नांत कुठेच नव्हतं. कशाने झोप मोडते ते तिने त्याला विचारलं होतं. तो म्हणाला होता, कशानेच नाही. तयार ठेवलेलं वाक्य तिच्या तोंडातून निघेना. हो म्हटलं तर एक बाई ठाण्याच्या बाविसाव्या मजल्यावर जाणार. नाही म्हटलं तर हा माणूस पुन्हा कुणाच्या तरी हॉलमध्ये ताठ बसणार. अवधूतच्या सिद्धांतात याला जागा नव्हती, आणि वैदेहीला, जिला बोलायला कधी शब्द कमी पडत नसत, रडू येईल असं वाटलं. मिरचीमुळे ते कुणाला कळलं नसतं, एवढीच सोय.

दारात आंटी उभ्या होत्या. सरबताचा दुसरा ग्लास हातात. त्यांनी किती ऐकलं ते कळत नव्हतं, पण ग्लास धम्मपालच्या हातात देऊन त्या तिथेच थांबल्या.

"बाबा, एक प्रॉब्लेम सांगायचा राहिला या घराचा," त्या म्हणाल्या. "सगळ्यात मोठा. मी. मला हे सोडून जायचं नाहीये."

 दोन वर्षांत त्या हे कुणालाच म्हणाल्या नव्हत्या, मुलालाही नाही. पाण्याची वेळ सांगितली, ओल सांगितली, आणि हे एक पोटात ठेवलं.

धम्मपालने आंटींकडे बघितलं, मग वैदेहीकडे, आणि त्याचा चेहरा गोंधळला. "जायचं आहे असं कुणी म्हणालंच नाही," तो म्हणाला. "आतल्या खोलीत खाट आहे, इथे तुमचे कपडे वाळतायत, तुम्ही पंख्याचं सांगितलंत ते 'आपला पंखा' असं. मला वाटलं एक खोली द्यायची आहे. मी तसंच धरून हो म्हणालो. तुम्ही नसाल तर," तो अडखळला, "नसाल तर मला विचार करावा लागेल. ओल आहे, जिना आहे."

 खाली मशीन चालू झालं आणि तिघंही पाठोपाठ शिंकले. वैदेहीच्या मनात जो आनंद भरला तो तिला आवरेना. इतकी वर्षं ती माणसांना घर दाखवत होती, भिंती, खिडक्या, नळ, आणि हा माणूस तिच्यासमोर बसून सरळ दिसणारी गोष्ट बघत होता. घरात राहणारं माणूस. ते काढून घ्यायचं असतं आणि मग घर द्यायचं असतं, हे त्याला माहीतच नव्हतं. तिने डोळे पुसले आणि धंद्याच्या आवाजात सांगून टाकलं की एका खोलीचाही रीतसर करार होतो, अकरा महिन्यांचा, नेहमीसारखाच, भाडं त्या मानाने कमी धरू, आणि हॉलमध्ये दोघांनी ठरवून बसावं. भाडं कमी म्हणजे आपली दलालीही कमी, हे तिला बोलून झाल्यावर सुचलं. अवधूत ओरडणार होता. ओरडू दे.

"आतली खोली तुला," आंटी धम्मपालला म्हणाल्या. "मला हॉल बरा. तिथून रस्ता दिसतो." आणि मग वैदेहीकडे हात पुढे करून म्हणाल्या, "टेरेन्सला लावून दे. नाही, तू नको बोलू. मी बोलते."

वैदेहीने फोन लावून दिला. आंटींनी तो कानापासून लांब धरला, त्यांची सवयच तशी, त्यामुळे पलीकडचं सगळं गॅलरीत ऐकू येत होतं. घर लागलं म्हटल्यावर टेरेन्सचा आवाज इतका खूश झाला की वैदेहीला त्याची दया आली. मग आंटींनी पुढचं सांगितलं. 

"एक खोली दिली रे. मी कुठे येते, मी इथेच. ऐक तर. तुला मी एकटी राहायला नको होतं ना? मग नाही राहत एकटी."

 मग टेरेन्सने विचारलं, कोण आहे, काय करतो. आंटींनी सांगितलं, हॉस्पिटलात आहे, एक्स-रे काढतो, पंखा गुणगुणतो म्हणतो. टेरेन्स हसला असावा, कारण आंटींचे खांदे खाली आले. पण तो मुलगाच होता आणि त्याला काळजी होती, म्हणून त्याने जे सगळेच विचारतात तेही विचारलं. पूर्ण नाव काय त्याचं?

धम्मपालने ग्लास कठड्यावर ठेवला आणि ताठ उभा राहिला.

"ते वैदेहीला माहीत असेल, कागद करेल तेव्हा लिहील ती," व्हायोलेट आंटी म्हणाल्या. "मी नाही विचारलं. त्याने माझं विचारलं का?"